परडं करण्याआधी

महाबळेश्वरात वर्षाला साडेपाच हजार मिलिमीटरहून जास्त पाऊस पडतो. तिथून सरळ रेषेत सव्वाशे किलोमीटरवर म्हसवड आहे. तिथं तो पाचशेच्या आतबाहेर. दोन्ही गावं एकाच सातारा जिल्ह्यातली. सांगलीतही तेच. शिराळ्याच्या पश्चिमेला चांदोलीकडं चिखलात भात लावतात, आणि जत-आटपाडीची माणसं त्याच महिन्यात आभाळाकडं बघत असतात, कारण त्यांचा भरवशाचा पाऊस येतो तो परतीचा, सप्टेंबर-ऑक्टोबरात. असं असताना बागकामाची बहुतेक पुस्तकं सगळ्यांना एकच सांगतात: जूनमध्ये लावा, माती-शेणखत-वाळू सारख्या भागानं घ्या, रोज सकाळी पाणी घाला. यातलं एकेक वाक्य कुठं ना कुठं खरं असतं. पण म्हसवडकडच्या माण तालुक्यातल्या माणसानं ते पाळलं तर जूनचं बी जुलैत करपतं, आणि कृष्णाकाठच्या काळ्या रानात रोज पाणी घातलं तर रोप आठ दिवसांत मान टाकतं.

म्हणून या पुस्तकात झाडांची नावं उशिरा येतात. पहिली प्रकरणं पाऊस, माती आणि ऊन यांची आहेत. ज्यांना उद्या सकाळीच काहीतरी लावायचं आहे त्यांना हे कंटाळवाणं वाटेल. पण नवशिक्याच्या हातून झाडं मरतात ती प्रेम कमी पडल्यानं नव्हे. आपण कुठं उभे आहोत हे न पाहता दुसऱ्या गावची बाग आपल्या दारात मांडायला गेल्यानं मरतात.

आपल्याकडं घरामागच्या तुकड्याला परडं म्हणतात. जुन्या घरांत त्याची वेगळी निगा कुणी राखत नसे. मोरीचं पाणी ज्या बाजूला जायचं तिथं अळू आणि कर्दळ, जरा पलीकडं केळीचं बेट, कुंपणावर घेवडा नाहीतर दोडका, कोपऱ्यात शेवगा, दारात तुळस. उकिरडा जवळच. खतासाठी, पाण्यासाठी कुणी पैसे मोजलेले नसत. आज साताऱ्याच्या शाहूनगरात किंवा सांगलीच्या विश्रामबागेत घर बांधलं की परड्याची जागा पार्किंग घेतं, उरलेल्यावर फरशी बसते, आणि मग गच्चीवर कुंड्या चढतात. जागा बदलली, पण जुन्या मांडणीतली अक्कल अजून उपयोगी आहे. जे झाड ज्या ठिकाणी कमीत कमी कष्टात जगेल तिथंच ते लावायचं, एवढीच ती अक्कल. मोरीचं पाणी आजही अळूला द्यावं. फक्त कपड्यांच्या पावडरीचं पहिलं पाणी तेवढं बाजूला काढावं.

‘आमच्याकडं काही येत नाही, नुसता माळ आहे’ हे वाक्य पूर्व भागात फार ऐकू येतं. त्याला या मातीतच उत्तरं आहेत. १९१० साली लक्ष्मणराव किर्लोस्कर बेळगावचा कारखाना हलवून कुंडलजवळच्या माळावर आले तेव्हा तिथं निवडुंग आणि साप यांच्याखेरीज नाव घेण्यासारखं फारसं काही नव्हतं. किर्लोस्करवाडी वसली ती झाडं आणि बागा घेऊनच. लक्ष्मणरावांचे चिरंजीव शंतनुराव यांनी पुढं आत्मचरित्राला ‘कॅक्टस अँड रोझेस’ असं नाव दिलं ते उगीच नाही. देवराष्ट्र्याजवळच्या उघड्या डोंगरांवर धों. म. मोहिते यांनी झाडं लावायचा ध्यास घेतला. त्या डोंगरांना १९८५ साली सागरेश्वर अभयारण्याचा दर्जा मिळाला.

पण मला जास्त जवळचं वाटतं ते आटपाडीचं स्वतंत्रपूर. औंध संस्थानात १९३९ च्या सुमारास बाळासाहेब पंतप्रतिनिधी आणि मॉरिस फ्रीडमन यांच्या पुढाकारानं इथं खुला तुरुंग झाला. भिंत नाही, बेड्या नाहीत. जन्मठेपेचे कैदी, पुढं त्यांची कुटुंबंही, शेती करून राहायची. आटपाडीजवळच्या माडगूळच्याच ग. दि. माडगूळकरांनी त्यावर कथा लिहिली आणि व्ही. शांतारामांनी १९५७ मध्ये ‘दो आँखें बारह हाथ’ काढला. लोकांना त्यातली गाणी आठवतात. मला आठवतो तो त्यातला भाजीचा व्यवहार. खून केलेली सहा माणसं खडकाळ रान खणतात, भाजी पिकवतात, ती वाजवी भावानं बाजारात विकतात आणि व्यापारी चिडतात. बागकामाच्या पुस्तकात तुरुंग कशाला, असं कुणी विचारील. एवढ्यासाठीच, की आटपाडीच्या पावसावरही मन लावून भाजी करता येते हे पटावं. आणि तिथं पहिलं काम बी पेरण्याचं नव्हतं, दगड वेचून माती तयार करण्याचं होतं, हेही लक्षात यावं.

तर माती. या दोन जिल्ह्यांत नवशिक्याची गाठ साधारण चार प्रकारच्या मातीशी पडते. कृष्णा-वारणेच्या खोऱ्यात भारी काळी. महाबळेश्वर-पाचगणीकडं आणि पाटणच्या डोंगरपट्ट्यात जांभ्याची तांबडी. खटाव, माण, जतकडं हलकी मुरमाड. आणि चौथी, जिच्याबद्दल पुस्तकं गप्प असतात, ती नव्या प्लॉटमधली भरावाची: मुरूम, विटांचे तुकडे, सिमेंटचा राडारोडा आणि वर हिरवळीसाठी पसरलेली चार बोटं काळी माती. शहरातल्या निम्म्या तक्रारी या चौथ्या मातीतून उगवतात, असं माझं मत आहे. तिथं फूटभर खोल आणि दोन हात रुंद खड्डा काढून राडारोडा बाहेर टाकल्याशिवाय रोप आणूच नये.

माती ओळखायला प्रयोगशाळा लागतेच असं नाही, जरी माती परीक्षणाची सोय जिल्ह्याच्या ठिकाणी आहे आणि मोठी बाग करणाऱ्यानं तिचा फायदा जरूर घ्यावा. फूटभर खड्डा काढून पाण्यानं भरा. पाणी मुरलं की पुन्हा भरा आणि या दुसऱ्या वेळी किती वेळ लागतो ते पाहा. तासा-दोन तासात गेलं तर निचरा चांगला. दुसऱ्या दिवशीही तळाला पाणी दिसलं तर तिथं गुलाब, लिंबू, पपई यांचं काही खरं नाही. मग गादीवाफा करावा, म्हणजे जमिनीपेक्षा वीतभर उंच, आणि त्यावर लावावं. वाळलेल्या मातीच्या ढेकळावर लिंबू पिळा. फसफसलं तर चुनखडी आहे. अशा जमिनीत जास्वंद, गुलाब, मोगरा यांची कोवळी पानं पिवळी पडतात आणि शिरा तेवढ्या हिरव्या राहतात. हे लोहाच्या कमतरतेचं लक्षण. जमिनीत लोह असतं, पण चुन्यामुळं मुळांना ते उचलता येत नाही. वर बोअरचं जड पाणी मिळत असेल तर दुखणं वाढतं. इथं युरिया टाकून काही होत नाही. कुजलेलं खत आणि पावसाचं साठवलेलं पाणी यांनी फरक पडतो. याउलट जुनी, खालची पानं आधी पिवळी होत असतील तर भूक नत्राची आहे. कोणतं पान आधी पिवळं झालं हे पाहण्याची सवय लागली की औषधाच्या दुकानातले बरेच पैसे वाचतात.

मिरज, वाळवा, पलूस भागात उन्हाळ्यात जमिनीवर पांढरा थर येतो. उसाला वर्षानुवर्षं पाटानं पाणी दिलं, निचऱ्याकडं पाहिलं नाही, खालचे क्षार वर आले. क्षारपड म्हणतात ते हेच. घराभोवती अशी जमीन असेल तर तिच्याशी भांडू नये. कुंड्या किंवा वाफे बाहेरच्या मातीनं भरून वरच्या वर बाग करावी.

आता पाणी. पुस्तकातलं सगळ्यात लांब प्रकरण त्याचंच आहे आणि त्यात निम्मी पानं पाणी कधी घालू नये याची आहेत. शेतकऱ्याला वाफसा शिकवावा लागत नाही. पाऊस उघडल्यावर तो रानात पाय ठेवून बघतो आणि ‘अजून दोन दिवस’ म्हणत परत येतो. मुळांना पाण्याइतकीच हवा लागते. मातीच्या कणांमधल्या पोकळ्यांत थोडं पाणी आणि थोडी हवा असते तेव्हा वाफसा. रोज पाइप धरणारा माणूस ही हवा हाकलून देतो. मुळं गुदमरतात, पानं लोंबतात, आणि लोंबलेली पानं पाहून तो आणखी पाणी घालतो. काळ्या मातीत हे हमखास होतं, कारण ती पाणी धरून ठेवते आणि वरून मात्र लवकर सुकलेली दिसते. म्हणून वर बघायचं नाही. चार बोटं खोल माती उकरून मूठ वळायची आणि गोळा कमरेच्या उंचीवरून सोडायचा. फुटला तर वाफसा आहे. चेपून तसाच राहिला तर झारी जाग्यावर ठेवायची. गोळा वळलाच नाही तर पाणी, आणि तेही चमचाभर रोज नको. एकदाच भरपूर, मुळाच्या तळापर्यंत.

मुरमाड जमिनीत उलटं. तिथं पाणी थांबत नाही, म्हणून थोडं थोडं आणि लवकर लवकर द्यावं लागतं. माण-जतच्या वाचकांसाठी दोन उपाय आवर्जून दिले आहेत. पहिला आच्छादनाचा. ऊसपट्ट्यात पाचट अजूनही पेटवतात; ते ट्रॉलीभर आणून चार बोटं जाडीनं वाफ्यावर पसरलं तर पाण्याच्या पाळ्या निम्म्यावर येऊ शकतात. दुसरा मडक्याचा. न रंगवलेलं, कच्च्या भाजणीचं मडकं गळ्यापर्यंत पुरून त्यात पाणी भरायचं, तोंडावर झाकण. भोवती चार वेल. पाणी मातीतून पाझरतं ते मुळांनाच मिळतं.

शिवाय छप्पर आहे. एक मिलिमीटर पाऊस एक चौरस मीटरवर पडला की एक लिटर पाणी होतं, एवढं गणित पुरे. हजार चौरस फुटांच्या स्लॅबवर साडेचारशे मिलिमीटर पाऊस पडला तर चाळीस हजार लिटरच्या पुढं जातो. सांडलवंड धरून तीस हजार तरी हाताला लागतात. दुष्काळी म्हणवणाऱ्या तालुक्यात हे पाणी पन्हाळीतून गटारात जाताना पाहणं मला जड जातं. टेंभू-म्हैसाळ योजनांनी पूर्व भागात कृष्णेचं पाणी चढवलं ही मोठीच गोष्ट झाली, पण ते शिवाराचं पाणी. परड्याचं पाणी आपल्याच छपरावर पडतं.

गच्चीवाल्यांसाठी एक वेगळा धडा आहे आणि त्याचं मूळ याच भागात सापडतं. श्रीपाद अच्युत दाभोळकर साताऱ्याच्या दाभोळकर कुटुंबातले, नरेंद्र दाभोळकरांचे थोरले बंधू, शिकवायचे गणित. कोल्हापुरात राहून त्यांनी प्रयोग परिवार उभा केला. तासगाव भागातले द्राक्षबागायतदार त्यात आपापल्या बागेतलं निरीक्षण एकमेकांना सांगू लागले. दाभोळकरांच्या मांडणीचा गाभा असा: झाडाच्या सुक्या वजनाचा फार मोठा भाग हवा, पाणी आणि ऊन यांतून येतो, मातीतून येतो तो थोडासाच. तेव्हा पान किती ऊन खातं याचा हिशेब मांडा; आणि मुळांसाठी माती विकत आणू नका, कचऱ्यातून तयार करा. या मांडणीत रसवंतीगृहामागं पडलेली चिपाडंही कामाला येतात. चिपाडं, पालापाचोळा, भाजीची देठं, वर थोडी माती, आणि ते भिजवायला शेणाचं पाणी. दहा लिटर पाण्यात किलोभर ताजं शेण, लिटरभर गोमूत्र आणि पन्नास ग्रॅम काळा गूळ. तीन दिवस ढवळत राहायचं आणि चौथ्या दिवशी दहापट पाण्यात मिसळून वापरायचं. गच्चीला याचा मोठा फायदा वजनाचा. ओल्या मातीचा एक चौरस मीटरचा फूटभर उंच वाफा पाचशे किलोंच्या घरात जातो. चिपाडांचा त्यामानानं फारच हलका. जुन्या स्लॅबवर मातीचे वाफे घालणाऱ्यांनी आधी इंजिनिअरला विचारावं, रोपवाटिकेत नंतर जावं.

शेणखताबद्दल एक ताकीद. गोठ्यातलं ताजं शेण थेट कुंडीत घालू नये. ते कुजताना मुळं भाजतात, आणि आपल्या ऊसपट्ट्यात त्यातून हुमणी येते. पांढरी, इंग्रजी सी आकारात वळलेली अळी कुंडीत सापडली तर वर कितीही औषध मारा, खाली मुळं कुरतडली जात असतात. कुंडी उलटी करावी, अळ्या वेचाव्यात, खत उन्हात पसरावं.

उन्हाचं प्रकरण छोटं आहे. फळभाजीला सहा तास ऊन हवं, पालेभाजीचं तीन-चार तासांत भागतं. मात्र ऊन वर्षभर एका जागी राहत नाही. डिसेंबरात इथं भर दुपारी दहा फुटी भिंतीची सावली उत्तरेकडं साडेआठ फूट पडते. मे ते जुलै तीच भिंत दुपारी सावली जवळजवळ देतच नाही, दिली तर दक्षिणेला. घराच्या उत्तरेला पावसाळ्यात छान वाढलेली वांगी थंडीत का थांबली, याचं उत्तर एवढंच असतं.

लावायचं काय? पहिल्या वर्षी फार थोडं. मेथी आधी, कारण ती स्वयंपाकघरातल्या डब्यातूनही उगवते आणि महिन्याभरात भाजी देते. माणसाचा धीर तेवढाच असतो. धने चोळून दोन डाळिंब्या करून पेरावेत आणि दहा-बारा दिवस उकरून बघू नये. बी त्याच्या जाडीच्या दुप्पट-तिप्पट खोल, त्याहून जास्त नाही. मग भेंडी, गवार, घेवडा. कोरेगावच्या वाघ्या घेवड्याला भौगोलिक मानांकन आहे. देऊरकडचं बी मिळालं तर शहरातल्या पाकिटापेक्षा ते घ्यावं. कृष्णाकाठची वांगी मळीच्या रानात जशी होतात तशी कुंडीत होणार नाहीत, हे आधीच सांगून ठेवतो. हळद मात्र कुंडीतही छान येते. अक्षय्यतृतीयेच्या सुमारास गड्डा लावावा, जानेवारी-फेब्रुवारीत पाला वाळला की काढावा. सांगलीच्या पेठेची हळद एके काळी हरिपूरच्या पेवांत, म्हणजे जमिनीखालच्या कोठारांत, वर्षानुवर्षं टिकायची. आपल्याला चहाच्या डब्याएवढी जागा पुरते. साताऱ्याच्या डोंगरकडेला माकडांचा त्रास असतो. तिथं हळद, आलं, अळू यांवर भिस्त ठेवावी. टोमॅटोची हौस जाळीशिवाय करू नये. स्ट्रॉबेरी महाबळेश्वर-पाचगणीची. सांगलीत ती ऑक्टोबरात लावून जानेवारीत चार फळं देईल, मार्चच्या उन्हात संपेल. हौस म्हणून ठीक.

वेलभाज्यांबद्दल एक शंका इतके जण विचारतात की ती इथंच फेडतो. ‘फुलं येतात पण गळतात, फळ धरत नाही.’ आधी नुसती नरफुलं येतात, ती गळणारच. मादीफुलाच्या देठाशी इवलंसं फळ दिसतं. दोन्ही दिसू लागली आणि तरीही फळ कुजून गळलं तर परागीकरण होत नाही. नरफूल तोडून मादीफुलाला लावावं. पण वेळ पाळावी: काकडी, कारलं, भोपळा यांचं काम सकाळी, दुधी आणि दोडका यांची फुलं दिवस कलताना उमलतात, त्यांचं संध्याकाळी. सकाळी उठून दुधीच्या मिटलेल्या फुलांशी झटापट करणारे गृहस्थ प्रत्येक आळीत असतात.

कीड येणार. मावा आणि पिठ्या ढेकूण थोडे असतात तेव्हाच पाण्याच्या फवाऱ्यानं आणि बोटांनी काढावेत. निंबोळी अर्क घरी करता येतो. पन्नास ग्रॅम वाळलेल्या निंबोळ्या भरडून लिटरभर पाण्यात रात्रभर भिजत घालाव्यात, सकाळी गाळून, जरासा साबण मिसळून ते पाणी संध्याकाळी फवारावं. द्राक्षबागेसाठी आणलेलं औषध ‘थोडं उरलंय’ म्हणून घरच्या मेथीवर मारण्याची पद्धत आपल्या भागात आहे. ती बंद व्हावी. त्या औषधांची काढणीपूर्व मुदत दिवसा-दिवसांनी मोजलेली असते, आणि मेथी आपण परवा खाणार असतो.

एक गोष्ट या पुस्तकात मुद्दाम नाही. कासच्या पठारावरची फुलं घरी कशी लावावीत, हा प्रश्न दर सप्टेंबरात येतो. लावू नयेत, उपटू नयेत. पश्चिम घाटाच्या जागतिक वारशात २०१२ पासून ते पठार आहे, आणि त्या झाडांना खडकावरची बोटभर माती आणि महिनोन्‌महिने धुकं लागतं. कुंडीत ती चार दिवसही काढत नाहीत. लॉनही नाही. पाण्याच्या टँकरची वाट बघणाऱ्या जिल्ह्यांत लॉन कशी राखावी हे मी सांगणार नाही.

नदीकाठच्या सांगलीकरांनी, कराडकरांनी २००५, २०१९ आणि २०२१ चे पूर पाहिलेत. तिथं मोठ्या कुंड्या तळमजल्यावर असतील तर जुलै-ऑगस्टपुरती त्या वर नेण्याची तजवीज आधीच असावी. पूर ओसरल्यावर वाफ्यावर गाळ बसतो. शहरातल्या पुराच्या पाण्यात मैला मिसळलेला असतो, म्हणून त्या हंगामात तिथं कच्ची खायची पालेभाजी करू नये, झेंडू लावावा.

सुरुवात कुठून करायची ते पुस्तक कोणत्या महिन्यात हाती पडलं यावर आहे. मार्च-एप्रिल असेल तर बी घेऊ नका. खड्डे काढा, ते उन्हात तापू द्या, चिपाडं आणि पालापाचोळा साठवा. मे असेल तर हळद-आलं आणि छपराची पन्हाळ. जून-जुलैत कृष्णाकाठी आणि पश्चिमेला वेल लावा. माण-आटपाडीकरांनी एखादा चांगला पाऊस होऊन वाफसा येईपर्यंत थांबावं. सप्टेंबर-ऑक्टोबर सगळ्यांचाच: मेथी, पालक, मुळा, टोमॅटो, शेवंती. डिसेंबर-जानेवारी असेल तर उन्हाचं प्रकरण वाचून आधी सावली मोजा. आणि हत्यारांत बाजारच्या दिवशी एक चांगलं खुरपं, एक बारीक छिद्रांची झारी आणि एक घमेलं एवढंच घ्या; बाकीची यादी पुढच्या वर्षी.